शंभर वॅटची होडी : वल्हं, पायडल-पंखा, पर की काठी?

खाडीपल्याड (धागाकर्ता)

खाडीत फिरायला पाच मीटर लांब आणि मीटरभर रुंद अशी प्लायवूडची होडी बांधायला घेतोय. इंजिन नको, शिडाचं नंतर बघू. माणसाच्या ताकदीवरच चालवायची. आराखडा ठरला, प्लायवूड आणून ठेवलं, पण चालवायचं साधन कोणतं घ्यावं यावर घोडं अडलंय. या विषयावर मिळेल ते वाचत गेलो आणि माझं एक मत बनलंय, ते सविस्तर मांडतो. ज्यांनी प्रत्यक्ष वल्हवलंय किंवा पायडल मारलंय त्यांनी खोडून काढावं, भर घालावी.

आधी हाताशी भांडवल किती ते बघू. तब्येतीने ठीक, पण खेळाडू नसलेला माणूस तासन्‌तास टिकवू शकतो ती ताकद साधारण ७५ ते १०० वॅट. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. दोन अश्वशक्तीचं छोटं आउटबोर्ड (होडीच्या मागे टांगायचं इंजिन) घेतलं तरी ते आपल्या पंधरापट. इंजिनवाल्याची निम्मी ताकद पाण्यातल्या पंख्यात (प्रॉपेलरमध्ये) वाया गेली तर त्याला पेट्रोल थोडं जास्त लागतं, इतकंच. आपल्याला दर दहा वॅटचा हिशेब ठेवावा लागतो.

दुसरी गोष्ट पाण्याच्या विरोधाची. हा विरोध ढोबळमानाने वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून लागणारी ताकद घनाने वाढते. वेग दुप्पट हवा तर ताकद आठपट. लाटा उठवण्याचा खर्च सुरू झाला की त्याहूनही जास्त. पाच मीटर पाणरेषेची होडी ताशी दहा किलोमीटरच्या जवळ गेली की स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते, आणि शंभर वॅटमध्ये त्यातून सुटका नाही. आता हेच उलटं वाचा. साधन दहा टक्क्यांनी सुधारलं तर वेग वाढतो जेमतेम तीन टक्के! वल्ही काढून पंखा लावला आणि होडी पळत सुटली, असं कधीच होणार नाही. फरक पडतो तो दमण्यात. होडीला ६० वॅट पोचवायचे असतील, तर ७० टक्के कार्यक्षम साधनाला अंगातून ८६ वॅट द्यावे लागतात, ८५ टक्केवाल्याला ७१. दोन तासांनंतर परतीच्या वाटेवर हे १५ वॅट फार मोठे असतात.

आता मूळ मुद्दा. पाणी मागे सारल्याशिवाय होडी पुढे जात नाही, आणि त्या सारलेल्या पाण्यात जी ऊर्जा राहते ती आपली गेलीच. तेवढाच रेटा मिळवायला थोडं पाणी जोरात फेकता येतं, नाहीतर पुष्कळ पाणी सावकाश सरकवता येतं. रेटा पाण्याच्या वेगाच्या प्रमाणात मिळतो, ऊर्जा मात्र वेगाच्या वर्गाने खर्च होते. म्हणून पुष्कळ पाणी धरा आणि सावकाश ढकला. वल्हं असो, पंखा असो, माशासारखा हलणारा पर असो, नियम सगळ्यांना हाच.

पंख्यासाठी याचे आकडे काढता येतात. रँकिन आणि फ्रूड यांनी १९व्या शतकात मांडलेलं सूत्र आजही वापरतात. समजा होडी सेकंदाला २ मीटरने (ताशी ७.२ किमी) चालली आहे आणि विरोध ३० न्यूटन, म्हणजे तीन किलो वजनाएवढा आहे. पंख्याचा व्यास १० सेंटिमीटर असेल तर आदर्श कार्यक्षमता ७४ टक्के. २० सेंमीला ९०, ३० सेंमीला ९५, ४० सेंमीला ९७. ही वरची मर्यादा. पात्यांचं पाण्याशी होणारं घर्षण यातून वजा करायचं. ३० वरून ४० सेंमीवर गेल्यावर हाती येतात दोनच टक्के, आणि पाती लांबल्याने घर्षण वाढतं, त्यामुळे मोठा पंखा एका हद्दीपर्यंतच परवडतो. दोन पात्यांचा, अरुंद पात्यांचा, ३०-४० सेंमीचा, सावकाश फिरणारा पंखा नीट बनवला तर ८५ टक्क्यांच्या आसपास देतो. साखळी किंवा गिअरमध्ये आणखी पाचेक टक्के गेले असं धरलं तरी ८० उरतात. आउटबोर्डचा छोटा जाड पंखा काढून पायडलला जोडला तर हे मिळणार नाही. तो वेगळ्या कामासाठी घडवलेला असतो.

आणि पायडलच्या बाजूने सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पाय. शरीरातले सगळ्यात मोठे स्नायू मांड्यांचे आणि पार्श्वभागाचे. नुसत्या हातांनी काम केलं तर बहुतेक माणसांची कमाल क्षमता पायांच्या ७० टक्क्यांच्या आसपास राहते.

म्हणून माझा कल पायडल-पंख्याकडे आहे. तोंड पुढे करून बसता येतं, हात मोकळे राहतात, रेटा अखंड मिळतो. वल्हेवाल्यांनी आता बोलावं.

---

मुळाकाठ

बोलते. पुण्यात इंजिनिअरिंगला असताना सीओईपीच्या बोट क्लबवर वल्हवायला शिकले. तिथलं रेगाटा (होड्यांच्या शर्यतींचा सोहळा) १९२८पासून चालत आलंय, आणि नदीवर पहाटे आठ जणींची लय एकदा जुळली की वल्ह्याला कमी लेखणं शक्य होत नाही.

खाडीपल्याड, तुम्ही लिहिलेला नियम बरोबर आहे, म्हणूनच वल्हं इतकं चांगलं चालतं. शर्यतीच्या एका छोट्या वल्ह्याच्या पात्याचं क्षेत्रफळ साधारण ८०० चौरस सेंटिमीटर. अशी दोन. शिवाय पातं दर खेपेला नव्या, शांत पाण्यात पडतं. पातं सरळ मागे ओढलं जातं असं काठावरून वाटतं, पण प्रत्यक्षात ते मोठ्या कमानीत फिरतं. खेपेच्या सुरुवातीला आणि शेवटी ते बरंचसं आडवं सरकतं आणि विमानाच्या पंखासारखी उचल निर्माण करतं. पाणी मागे ढकलणं हा गोष्टीचा अर्धाच भाग. मोजमाप केलेल्यांचे पात्याच्या कार्यक्षमतेचे आकडे ७५ ते ८५ टक्क्यांच्या दरम्यान येतात. त्यात साखळी नाही, गिअर नाही, बेअरिंग नाही. म्हणजे तुमच्या ८० टक्क्यांच्या अगदी शेजारी.

पायांचं म्हणाल तर सरकत्या सीटवर रेटा प्रामुख्याने पायांचाच असतो. पाय, मग पाठ, शेवटी हात. वल्हवणाऱ्याचं सगळं शरीर कामाला लागतं. हातांचा खेळ म्हणून वल्ह्याकडे बघणाऱ्याने दत्तू भोकनळच्या मांड्या बघाव्यात. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा हा मुलगा सैन्यात गेल्यावर वल्हवायला शिकला, २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरीत तेरावा आला आणि २०१८च्या एशियाडमध्ये चौघांच्या होडीत सुवर्णपदक घेऊन आला.

वल्ह्याची खरी गळती दुसरीकडे आहे आणि ती तुमच्या लेखात आली नाही. एकेरी शर्यतीच्या होडीचं किमान वजन १४ किलो, वल्हवणारा ८०-९० किलोचा. तो सीटवर मागे-पुढे सरकतो तेव्हा होडी त्याच्या उलट दिशेने हिसकते. परिणामी वेग एकसारखा राहत नाही, सरासरीच्या वीसेक टक्के वरखाली होतो. ताकद वेगाच्या घनाने लागते, त्यामुळे वेगवान क्षणांत जे जादा जातं ते मंद क्षणांत परत मिळत नाही. वीस टक्क्यांची वरखाल धरून हिशेब केला तर अखंड वेगाच्या तुलनेत सुमारे ६ टक्के ताकद जास्त लागते. हे ६ टक्के पंख्याला द्यावे लागत नाहीत.

यावर तोडगा निघाला होता. सीट पक्की आणि पाय टेकवायची पट्टी व वल्ह्यांचा सांगाडा सरकता. म्हणजे जड माणूस होडीबरोबर स्थिर, हलकी वस्तू मागे-पुढे. जर्मनीचा पेटर-मिखाएल कोल्बे १९८१ साली अशा होडीत एकेरीचा जगज्जेता झाला. पाठोपाठ बाकीचे तिकडे वळले आणि १९८३ नंतर आंतरराष्ट्रीय संघटनेने त्यावर बंदीच घातली. शर्यतीत बंदी असली म्हणून तुमच्या प्लायवूडच्या होडीत ती रचना करायला कोणी अडवणार नाही. मला विचाराल तर पायडलपेक्षा ती करून बघा.

एक मात्र मान्य. साध्या होडीत पक्क्या फळीवर बसून वल्हवलं तर पाय नुसते रोवायला उपयोगी पडतात, ताकद पाठीची आणि हातांची. तुलना करताना कोणतं वल्हवणं ते सांगितलं पाहिजे.

---

खारवट

मी देवगडकडचा. घरात होडी आजोबांपासून. तुम्हा दोघांचं वाचून आनंद झाला, पण दोघंही पाणी खोल आणि मोकळं धरून चाललात.

खाडीत सुकती (ओहोटी) लागली की गुडघाभर पाण्याखाली मऊ चिखल असतो. आमचो शेजारी ह्या वाचून म्हणालो, "पाणी सुकला काय पंखो चिखलात रुततलो, मगे काय करतलास?" त्याचं म्हणणं सोळा आणे खरं. ४० सेंटिमीटरचा पंखा म्हणजे होडीच्या तळाखाली निदान अर्धा मीटर पाणी पाहिजे. कांदळवनाच्या कडेने मुळं, मध्ये लावलेली जाळी, त्यात वाहून आलेलं प्लास्टिक आणि दोऱ्या. पंख्याला एक दोरी गुंडाळली की तुमचे ८५ टक्के तिथेच संपले.

आता कार्यक्षमतेचंच बोलायचं तर काठीचं नाव कोणी घेतलं नाही. उथळ पाण्यात लांब काठी तळाला रोवून होडी रेटतात तेव्हा पाणी मागे फेकलंच जात नाही. रेटा जमिनीला लागतो आणि जमीन हलत नाही. धागाकर्त्यांच्या सूत्रात बसवा: ढकललेलं वस्तुमान जवळजवळ अनंत, त्याचा वेग शून्य, गळती शून्य. गळती होते ती काठी उचलण्यात, पाण्यातून ओढण्यात आणि माणसाच्या वाकण्या-उठण्यात. तळ चिखलाचा असेल तर काठी उपसायलाही जोर लागतो, वाळूचा असेल तर मजा. ओहोटीच्या धारेविरुद्ध किनाऱ्याला धरून वर चढायचं असेल तर काठीइतकं काही चालत नाही. वल्हेवाला जे पाणी ढकलतो तेच पाणी त्याला मागे नेत असतं.

काठावरून दोर लावून होडी ओढतात त्यालाही हेच लागू. बंगालच्या नद्यांत आणि युरोपच्या कालव्यांत ही रीत शतकानुशतकं चालली ती उगाच नाही.

आणि उलांडीबद्दल एक. मीटरभर रुंद होडी स्थिर वाटते, पण ती रुंदी रोजचा खर्च आहे. आमच्याकडच्या उलांडीच्या होड्या अंगाने अरुंद असतात, तोल सांभाळायला बाजूला लाकडाचा ओंडका. ओंडका पाण्याला जेमतेम टेकतो. अरुंद होडी आणि उलांडी एवढं केलंत तर वल्हं आणि पंखा यांतल्या फरकापेक्षा जास्त ताकद वाचेल. साधनाचा वाद नंतर, आधी होडी बारीक करा.

---

नीलाक्षी

वाचतेय, फार आवडतंय. एक साधा प्रश्न. तलावांवर भाड्याने मिळणाऱ्या हंसाच्या आकाराच्या पायडल होड्या असतात, त्यात दोघं जीव तोडून पायडल मारतात आणि तरी चालत काठाने जाणारा माणूस पुढे निघून जातो. पायडल इतकं चांगलं असेल तर असं का?

---

चाकोरी

नीलाक्षी, त्या होडीत जवळजवळ प्रत्येक गोष्ट कार्यक्षमतेच्या विरुद्ध केलेली असते, आणि त्यामागे कारणंही आहेत.

बहुतेकींत पंखा नसतो, फळ्यांचं चाक असतं. चाकाचा व्यास लहान, त्यामुळे फळी पाण्यात शिरताना पाण्याला खाली दाबते, बाहेर पडताना पाणी वर उचलते. नेमकी मागे ढकलते ती मधल्या थोड्या क्षणांतच. पाण्यात एका वेळी एखाद-दुसरी फळी, तीही छोटी. थोडं पाणी जोरात फेकायचा प्रकार. उडणारे तुषार दिसायला छान दिसतात, पण ती आपलीच ताकद आहे. चाक मोठं आणि फळ्या पाण्यात उभ्या शिरतील अशा फिरत्या केल्या तर खूप सुधारतं. जुन्या वाफेच्या बोटींवर तशी चाकं होती.

शिवाय होडी रुंद, बोथट, मागून सपाट कापलेली. ती उलटू नये, चार माणसं बसावीत, लहान मुलांनी उभं राहावं, यासाठी तसा आकार. पर्यटकांसाठी ते योग्यच आहे. पण मागे भोवऱ्यांची रांग सोडत जाणाऱ्या अशा अंगाला उत्तम पंखा बसवला तरी ती धावणार नाही.

चाक विरुद्ध पंखा हा वाद इंजिनांच्या बाबतीत १८४५ साली ब्रिटिश नौदलाने मिटवला. जवळपास सारख्या ताकदीच्या दोन वाफेच्या बोटी, पंख्याची रॅटलर आणि चाकांची अलेक्टो, पाठीला पाठ लावून दोराने बांधल्या. रॅटलरने अलेक्टोला तिची चाकं पूर्ण जोरात फिरत असताना उलटं ओढत नेलं. माणसाच्या ताकदीवरचा पंखाही तेव्हा नवा नव्हता. १७७६ साली अमेरिकेत टर्टल नावाची एका माणसाची पाणबुडी हाताने फिरवायच्या पंख्यावर चालवली गेली होती. पुढे १८६४ साली हनली पाणबुडीत सात माणसं रांगेत बसून एक लांब दांडा हाताने फिरवत होती. त्याच पाणबुडीने हुसाटॉनिक ही युद्धनौका बुडवली, आणि ती स्वतःही परतली नाही. हात, बंद हवा, छोटा पंखा. त्या माणसांनी काय सोसलं असेल याची कल्पना करवत नाही.

---

ओंटारियोकर

इथल्या तळ्यांवर परांची कयाक (हलकी, अरुंद होडी) बरीच वापरतो, त्याबद्दल लिहितो. होबी कंपनीने १९९७ साली ग्रेग केटरमन यांची रचना बाजारात आणली. होडीच्या पोटाखाली लवचीक परांची जोडी असते. आळीपाळीने पायडल पुढे रेटलं की दोन्ही पर पंख्याच्या पात्यासारखे पिळत डावीकडून उजवीकडे आणि परत असे झाडले जातात. दोन्ही दिशांना रेटा मिळतो, वल्ह्यासारखी रिकामी परतीची खेप नाही.

हलत्या पराची कार्यक्षमता कमी असते असा समज असेल तर तो सोडून द्यावा. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या संशोधकांनी हेलकावणाऱ्या पराचे प्रयोग करून १९९८ साली जे निष्कर्ष छापले त्यात ८७ टक्क्यांपर्यंत आकडा आहे. अर्थात तो प्रयोगशाळेत नेमकी लय आणि नेमका कोन साधून. कयाकच्या मऊ परांना कोन स्वतःच्या लवचीकतेने मिळतो, त्यामुळे तो सगळ्या वेगांना सारखा जुळत नाही. अंगाला जाणवतं ते असं: मध्यम वेगाला फार हलकं जातं, जोर लावायला गेलं की पर नुसते वाकतात आणि हाती काही लागत नाही.

खारवट यांच्या मुद्द्याला इथे उत्तर आहे. एक पायडल पूर्ण पुढे रेटून ठेवलं की दोन्ही पर तळाला चिकटतात आणि वीतभर पाण्यातूनही होडी निघते. पाणगवत सहसा गुंडाळत नाही, घसरून जातं. पूर्वी उलटं जाता येत नव्हतं, नंतरच्या रचनेत दोरी ओढून पर फिरवायची सोय आली. किंमत मात्र भारी आहे, आणि घरी बनवायचं म्हटलं तर पंख्यापेक्षा पर अवघड.

दोन टोकांच्या हातवल्ह्याबद्दलही (खुंटीला न टेकवता हातात धरून मारायचं ते) दोन शब्द. शर्यतीच्या कयाकमध्ये १९८०च्या दशकात पंखासारख्या वळणाचं पातं आलं. ते मागे ओढायचं नसतं, होडीपासून बाहेर तिरकं सरकू द्यायचं. त्यामुळे ते उचल निर्माण करतं आणि मागे फारसं घसरत नाही. मुळाकाठ यांनी वल्ह्याच्या कमानीबद्दल लिहिलंय तेच तत्त्व इथे मुद्दाम वापरलंय.

---

वाऱ्यावर

मग पाण्यातून जायचंच कशाला? डेकाव्हिटेटर विसरलात का सगळे?

२७ ऑक्टोबर १९९१, बोस्टनची चार्ल्स नदी. एमआयटीच्या चमूने बनवलेली, पाण्याखालच्या पंखांवर उचलली जाणारी होडी. पायडलवर प्राध्यापक मार्क ड्रेला स्वतः. १०० मीटरवर वेग १८.५ नॉट, म्हणजे ताशी ३४ किलोमीटर. एका माणसाच्या ताकदीवर! पंखा पाण्यात नव्हताच, वर हवेत फिरणारा तीन मीटर व्यासाचा होता. क्रीटहून सँटोरिनीपर्यंत पायडलवर उडालेल्या १९८८च्या डेडॅलस विमानाच्या रचनेतही हेच ड्रेला होते, त्यामुळे हवेतला पंखा त्यांना घरचाच.

त्याआधी कॅलिफोर्नियात ॲलन ॲबट आणि ॲलेक ब्रुक्स यांच्या फ्लाइंग फिश या पाण्याखालच्या पंखांच्या होडीने १९८०च्या दशकात २००० मीटर ६ मिनिटं ३८ सेकंदांत कापलं. त्या काळच्या एकेरी वल्हेकऱ्याच्या विक्रमापेक्षा कमी वेळ.

---

मुळाकाठ

वाऱ्यावर, त्या होड्यांबद्दल मलाही अतोनात आदर आहे. पण एकेरीत न्यूझीलंडच्या रॉबी मॅन्सनने २०१७ साली पोलंडमधल्या पोझ्नानला २००० मीटरसाठी ६ मिनिटं ३०.७४ सेकंद लावली. पंख नाहीत, पंखा नाही, फक्त दोन वल्ही आणि सव्वाआठ मीटरची काडीसारखी होडी. जर्मनीच्या आठ जणांनी तिथेच ५ मिनिटं १८.६८ सेकंदांत २००० मीटर संपवलं, म्हणजे ताशी साडेबावीस किलोमीटर. १०० मीटरचा झपाटा आणि २००० मीटरची शर्यत यांची तुलना करायला नको.

---

चाकोरी

आणि खाडीपल्याड यांना दोन्हीचा उपयोग नाही. पाण्याखालच्या पंखांवर उठायला आधी बराच वेग गाठावा लागतो आणि तिथे टिकायला सराईत खेळाडूची ताकद लागते. शंभर वॅटमध्ये ते पंख पाण्याखाली नुसतं ओझं होतील. ताकदीच्या प्रत्येक पातळीला एक योग्य होडी असते. ५०० वॅट काही मिनिटं देणाऱ्याची वेगळी, १०० वॅट दिवसभर देणाऱ्याची वेगळी.

---

दूरचा पल्ला

दिवसभर देणाऱ्यांबद्दल मी लिहितो, कारण माझ्या मते खरी परीक्षा तिथे आहे.

कॅनडाच्या ग्रेग कोलोजिझिकने सप्टेंबर २००८मध्ये मोंटानातल्या व्हाइटफिश तलावावर पायडल-पंख्याच्या होडीने २४ तासांत २४५ किलोमीटर कापले. सरासरी ताशी १० किलोमीटरच्या वर, दिवस-रात्र. होडी अतिशय लांब आणि अरुंद, तोलासाठी बाजूला आधार. खारवट उलांडीबद्दल जे सांगताहेत ते त्याने केलं होतं.

दुसरं नाव जेसन लुईस. १९९४ ते २००७ या काळात त्याने निव्वळ माणसाच्या ताकदीवर पृथ्वीप्रदक्षिणा केली. समुद्रासाठी पायडल-पंख्याची सव्वीस फुटी होडी, तिचं नाव 'मोक्ष'. अटलांटिक त्याने आणि स्टीव्ह स्मिथने १११ दिवसांत ओलांडला. आणि २००७ साली हीच होडी मुंबईहून निघून अरबी समुद्र पार करून जिबूतीला पोचली. खवळलेल्या समुद्रात वल्ह्याचं एक पातं हवेत आणि एक लाटेत बुडालेलं असं सतत होतं. पंखा बहुतेक वेळ पाण्याखालीच राहतो, आणि चालवणारा बंद केबिनमध्ये बसून पाय मारू शकतो. तरीही महासागर ओलांडणारे बहुसंख्य लोक आजही वल्हीच वापरतात, कारण वल्हं मोडलं तर दुसरं काढता येतं, पण भर समुद्रात गिअर मोडला तर तिथल्या तिथे तो दुरुस्त करता आला पाहिजे. माझ्या लेखी हा मुद्दा दोन-चार टक्क्यांपेक्षा जड आहे.

म्यानमारच्या इनले तलावावरच्या इंथा लोकांबद्दलही सांगायला हवं. होडीच्या मागच्या टोकावर एका पायावर उभं राहून दुसरा पाय वल्ह्याभोवती गुंडाळून ते वल्हवतात. उभं राहिल्याने गवतापलीकडचं दिसतं, हात जाळ्यासाठी मोकळे राहतात. पायांचे स्नायू आणि मोकळे हात, धागाकर्त्यांच्या दोन्ही अटी एका लाकडी दांड्यात पूर्ण.

---

खाडीपल्याड (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. खारवट, होडीची रुंदी आता पाऊण मीटर करतोय आणि एका बाजूला उलांडी घेतोय. हे फार महत्त्वाचं सांगितलंत.

साधन पायडल-पंखाच ठेवतोय, पण उचलता येणारा. दांडा होडीच्या मागून तिरका पाण्यात, वरच्या टोकाला बिजागरी, पायाशी दोरी. उथळ आलं की दोरी ओढून पंखा वर. तळाला भोक पाडायला नको. तिरक्या दांड्यामुळे थोडा रेटा वरच्या दिशेने वाया जातो, पण दांडा लांब ठेवून कोन दहा अंशांच्या आत ठेवला तर ते नगण्य. आणि एक वल्हं व एक काठी होडीत कायम राहील.

पंख्याचा हिशेब असा मांडलाय. पायडल मिनिटाला ६० फेरे, साखळीने एकास चार, म्हणजे पंखा मिनिटाला २४०, सेकंदाला ४ फेरे. होडी सेकंदाला २ मीटर, म्हणजे पंख्याच्या एका फेऱ्यात अर्धा मीटर पुढे. थोडी घसरण धरून पात्याची चाल (घसरण नसती तर एका फेऱ्यात पंखा पुढे गेला असता ते अंतर) ५५ सेंमी, व्यास ४० सेंमी. बाजारातल्या होडीच्या पंख्यांत व्यासापेक्षा इतकी जास्त चाल सहसा नसते, म्हणून विमानांच्या मोठ्या मॉडेलचा पंखा घ्यायचा किंवा ॲल्युमिनियमच्या पट्टीला पीळ देऊन बनवायचा विचार आहे. मुळाकाठ, चाकोरी, यात काही खटकतंय का?

---

चाकोरी

चाल बरोबर वाटते. पीळ मात्र बुंध्यापासून टोकापर्यंत बदलता ठेवा. टोकाशी पातं जास्त वेगाने फिरतं, तिथे कोन कमी, बुंध्याशी जास्त. तुमच्या आकड्यांना टोकाशी २४ अंशांच्या जवळपास येईल, अर्ध्या त्रिज्येवर ४१. सगळीकडे एकच कोन दिलात तर पात्याचा काही भाग पाणी ढकलेल आणि काही भाग अडवेल. २४० फेऱ्यांना शंभर वॅट म्हणजे दांड्यावरचा टॉर्क (फिरवणारा जोर) चारच न्यूटन-मीटर, त्यामुळे दांडा बारीक चालेल, दहा-बारा मिलिमीटरचा स्टेनलेस. पण तो लांब असेल तर मध्ये एक आधार द्या, नाहीतर थरथरेल.

---

मुळाकाठ

एकच सुचवते. विरोध ३० न्यूटन हे तुम्ही धरून चाललाय. साधन बसवायच्या आधी तो मोजा, कारण अरुंद होडीचा तो याहून बराच कमी निघेल आणि मग ४० सेंमीचा पंखा गरजेपेक्षा मोठा ठरेल. दुसऱ्या होडीमागून लांब दोराने ओढायची, दोराला मासळी तोलायचा स्प्रिंगचा काटा, वेग मोबाइलच्या जीपीएसवर. दोर इतका लांब हवा की पुढच्या होडीच्या लाटा तुमच्या होडीला लागणार नाहीत. होडीत तुमच्या वजनाएवढं ओझं ठेवा. सेकंदाला दीड, दोन आणि अडीच मीटर, प्रत्येक वेगाला दोन्ही दिशांनी, भरती-ओहोटीच्या मधल्या स्तब्ध वेळेत. आकडे इथे टाका, त्यावरून व्यास ठरवू.

---

खारवट

स्तब्ध पाणी अर्धा तासही टिकत नाही, तेव्हा सगळी तयारी आधी करून ठेवा. अष्टमीच्या आसपासचा दिवस धरा, भांगाच्या (लहान) भरतीला धार कमी असते. ओढायला होडी माझी घ्या.